नानांचा न टोचणारा पट्टा

नानांच्या गल्लीत मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा पंच्याहत्तरीचे नाना अक्कांचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन एका बिनचाकाच्या स्कूटरवर बसले होते. समोरच्या ओट्यावर पाचसहा बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. नानांना त्याचं काही नव्हतं. ते स्कूटरवरून उतरले, पाण्याची कळशी उचलून कमरेवर घेतली, चार पावलं चालले, कळशी ठेवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, निऱ्यांपाशी काही ठेवायचं म्हणजे गाढवपणा आहे. तीनदा सुटल्या."

नानांच्या बायको, अक्का, दारात कपाळाला हात लावून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "देख व माय, म्हातारा येडा व्हई गया. सकायपासून मनं लुगडं नेसी फिरी ऱ्हायना."

हे सगळं माझ्यापायी चाललं होतं, म्हणून मला धड हसताही येईना.

नाना धुळ्याला पांझरेच्या अलीकडे एका गल्लीत राहायचे. जन्मभर त्यांनी पोलिसांत मोची म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत आरी, रापी आणि मेण लावलेला दोरा घेऊन बसले आणि एकच काम करायचे. लायसनचं पिस्तूल बाळगणाऱ्या माणसांना कमरेचा पट्टा करून द्यायचे. इंग्रजीत होल्स्टर म्हणतात तो. चप्पल नाही, पाकीट नाही, बॅगेची चेनसुद्धा लावून देणार नाहीत. "सरकारी पट्टा एका मापाचा आणि माणसं छप्पन मापांची," असं ते म्हणायचे. "तीस वर्षं मी एका मापाचे पट्टे शिवले आणि तीस वर्षं जवानांच्या कमरेवरचे चट्टे बघितले. आता जरा पाप फेडतो."

आपल्याकडे कुणाला लागतो हो असला पट्टा, असं मलाही वाटायचं. पण लागतो. जळगावच्या सराफाला लागतो. एरंडोलच्या कापूसवाल्याला लागतो. साक्रीकडे जंगलात ठेकेदारी करणाऱ्याला लागतो. आणि चोपड्याच्या रस्त्यावर पेट्रोल पंप असलेल्या माझ्यासारख्या बाईला लागतो. पिस्तूल उघडं मिरवायचं नाही असा नियमच आहे. ते कपड्याखाली नीट राहिलं पाहिजे, रोज राहिलं पाहिजे, आणि ज्याच्या अंगावर आहे त्याचा जीव खाऊ नये.

नानांची पद्धत अशी, की माणूस आला की पिस्तुलाचं नाव काढायचं नाही. आधी खाली बसवायचं आणि प्रश्न सुरू. दिवसातून जमिनीवर किती वेळा बसता? मांडी घालून की उकिडवे? कुठल्या कुशीवर झोपता? जेवल्यावर कंबर सैल करता का? पान खाता का, आणि थुंकायला कुठल्या बाजूला वाकता? हे सगळं वहीत टिपायचं. मग अक्का कळण्याची भाकरी आणि मिरचीची भाजी वाढणार आणि नाना समोर बसून तुम्ही कसं जेवता ते बघणार. नवा माणूस अवघडून जायचा. एक जण म्हणाला, नाना, पोट भरलंय माझं. नाना म्हणाले, "मग परवा उपाशी या."

त्यानंतर लाकडी पिस्तूल. सागाचं, आत शिसं भरलेलं, वजनाला अगदी खऱ्याइतकं. ते गोणपाटाच्या पिशवीत घालून तेरा दिवस कमरेला बांधायचं. पिशवीच्या मागच्या बाजूला रोज सकाळी कोरडा गेरू चोळायचा. दिवसभर जिथं दाबेल तिथं सदऱ्यावर गडद डाग पडणार, नुसतं टेकेल तिथं फिकट. असे तेरा न धुतलेले सदरे घेऊन नानांकडे जायचं. नाना ते भिंतीवरच्या खिळ्यांना ओळीने टांगायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि डॉक्टर एक्स-रे बघतो तसे बघत बसायचे. तेरा सदरे खराब झाले म्हणून कितीतरी जणांच्या घरी भांडणं झाली असतील. नानांना सांगितलं तर म्हणायचे, "सदरा धुता येतो."

डाग बठ्ठीकडे, म्हणजे सगळीकडे, सारखा, फिकट पडला पाहिजे, हा त्यांचा कायदा. कुठंही गडद दिसला की पट्टा उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. गिऱ्हाईक चालेल म्हणाला तरी ऐकायचे नाहीत.

"जे टोचस ते घरमा ऱ्हास," हे त्यांचं रोजचं वाक्य. एरवी गिऱ्हाइकांशी नोकरीतली शुद्ध मराठी बोलायचे, मन लागलं की अहिराणीवर यायचे. टोचतं ते घरी राहतं. आज कपाटात, उद्या टेबलाच्या खणात, परवा गाडीच्या डिकीत. "घरात पडलेलं पिस्तूल म्हणजे कुणाच्याही हाती लागणारी वस्तू. मग लायसन कशाला काढलं? अंगावर ठेवायचं तर असं ठेवा की विसरून जाल. आराम म्हणजे काय? विसरणं."

जळगावचा तो सराफ मोठा हौशी होता. परदेशी बनावटीचा, काळा कुळकुळीत प्लास्टिकचा होल्स्टर मागवून घेऊन आला. नाना, हा मला टोचेल का ते सांगा, म्हणे. नाना म्हणाले, मांडी घाला. सराफ दुकानात दिवसभर गादीवर मांडी घालूनच बसायचा. इथेही बसला आणि 'आई गं' करून उठला, कारण मूठ सरळ बरगडीत घुसली. नानांनी तो होल्स्टर उलटसुलट पाहिला. "चांगला आहे, पण खुर्चीवर बसणाऱ्यांच्या मुलखातला आहे," म्हणाले आणि टेप काढली.

कुणा पुढाऱ्याच्या मागे फिरणारा एक जण आला होता. त्याला पितळी बकल हवं, वर नक्षी हवी, लग्नाकार्यात सदऱ्याखालून जरा दिसलं पाहिजे. नाना रापी खाली ठेवून म्हणाले, "बैलले झूल पाहिजे व्हई तर पोयाले ये." पोळ्याला ये म्हटल्यावर तो बाहेर जाऊन बराच वेळ बडबडला. नाना इकडे दोरा ओढत होते.

आणि एरंडोलचा कापूसवाला. त्याने लाकडी पिस्तूल तेरा दिवस बांधलं आणि चौदाव्या दिवशी परत आणून ठेवलं. "नाना, नकोच. माझा हात सारखा तिथंच जातो. बोलताना, भाव करताना, बायकोशी भांडतानासुद्धा. मी लायसन परत करतो." नाना इतके खूश झाले की अक्कांना चहात साखर जास्त टाकायला सांगितली आणि त्याला कोल्हापुरी जोड शिवून दिला. चप्पल शिवली ती तेवढी एकदाच.

आता माझं सांगते.

आमच्या ह्यांच्याकडे पंचवीसहून जास्त वर्षं रिव्हॉल्व्हर होतं. पंपाची रक्कम रोज सकाळी अकराच्या सुमाराला बँकेत न्यायची, म्हणून लायसन. एके दिवशी केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर दोघांनी मोटारसायकल आडवी घातली, ह्यांच्या पायावर लोखंडी गज मारला आणि बॅग घेऊन गेले. रिव्हॉल्व्हर स्कूटरच्या डिकीत होतं. कमरेला नव्हतं.

पाय दोन महिन्यांत जुळला. माणूस काही जुळला नाही. हे घराबाहेर पडेनात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, पेपर उलटायचे. पंपावर नाही, मारुतीला नाही, बहिणीकडच्या साखरपुड्याला नाही. कारण गावात बोललं जायचं. कमरेला पिस्तूल बाळगणारा माणूस, आणि वेळ आली तर डिकीत ठेवलेलं! घाबरट तर आहे. आमच्या घरी येऊन चहा पिणारे लोकही हेच म्हणायचे, आणि ते ह्यांच्या कानावर यायचंच. हे कधी उलटून बोलले नाहीत. एकदाच मला म्हणाले, "खरंच असेल ते. मला आता कळत नाही."

बँकेत कुणी जायचं? मीच. वकील म्हणाला, एवढी वर्षं शस्त्र बाळगलंय तर घरातल्याच्या नावावर करून घेता येतं. केलं. जळगावच्या कलेक्टर कचेरीच्या चकरा मारून चपला झिजल्या. पोलीस चौकशी झाली, मी चालवून दाखवलं, सगळं झालं. मग प्रश्न आला, ठेवायचं कुठं? पर्समध्ये ठेवलं तर पर्सच ओढून नेतील. वकील म्हणाला, पंजाबी ड्रेस घाला आणि वर पट्टा लावा. बावन्नाव्या वर्षी पिस्तुलापायी मी वेश बदलू? छट! मी साडी नेसते आणि साडीच नेसणार. तेव्हा कुणीतरी धुळ्याच्या नानांचं नाव सांगितलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा नानांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. "बाईमाणसाचं मी कधी केलेलं नाही. साडीचं माप माझ्यापाशी नाही," म्हणाले. मला वाटलं, झालं, हा म्हातारा हाकलणार आता. मीही तोंड उघडायच्या तयारीत होते. पण नाना स्वतःवरच चिडले होते. "साठ वर्षं चामड्यात घातली आणि अर्धी माणसं मोजलीच नाहीत मी! पंधरा दिवसांनी या."

निघताना मी पिशवीतून ह्यांचा जुना पट्टा काढून दाखवला. म्हटलं, चामडं चांगलं आहे, काही उपयोग होईल का? नानांनी तो हातात घेतला. शिवण अंगठ्याने चाचपली. आतली बाजू पाहिली, बाहेरची पाहिली, पुन्हा आतली पाहिली.

"हा तुमच्याकडे कुठून आला?"

"ज्यांच्याकडून रिव्हॉल्व्हर घेतलं त्यांनीच दिला. त्यासोबत."

"हा माझ्या हातचा आहे," नाना म्हणाले. "नोकरीत असताना एका डावखुऱ्या फौजदाराला म्हणून वेगळा शिवला होता. डाव्या कमरेचा पट्टा आहे हा. तुमचे यजमान डावखुरे आहेत?"

"नाही."

"मग ह्याच्या वाद्या इकडून तिकडे कुणी केल्या? ह्या रिबिटा बाहेर राहायला हव्या होत्या. ही अंगाकडची बाजू झाली ताई. उलटा केलाय हा. ह्याच्या नळीचा कल उलटा झाला, मूठ बरगडीत जाते. हे कुणी केलं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. कारण ते मी केलं होतं.

लग्नाला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. हे म्हणाले, हा पट्टा डाव्या बाजूचा दिसतोय, नवा करून घेतो. मी म्हटलं, एवढं जाड चामडं, टाकायचं कशाला? आमच्या घरी काही टाकायचं नाही असं माझ्या आईने मला शिकवलेलं. फाटक्या चादरीची पिशवी, पिशवीचं पायपुसणं. चोपड्याच्या बाजारात रस्त्यावरच्या मोच्याकडे मी स्वतः तो घेऊन गेले, वाद्या दुसऱ्या बाजूला शिवून आणल्या, आणि वर ह्यांना म्हटलं, बघा, झालं की नाही काम? पुढे पंचवीस वर्षं हे संध्याकाळी पट्टा सोडून कंबर चोळायचे. टोचतो गं, म्हणायचे. सुरुवातीला मी तेल लावून द्यायचे. मग मीच म्हणायला लागले, पुरुषासारखे पुरुष आणि एवढ्याशाला काय कुरकुर करता! शेवटी शेवटी ते बोलायचे बंद झाले. आणि स्कूटरवर बसताना काढून डिकीत ठेवायला लागले.

हे मी नानांना सांगितलं, गाव ह्यांना घाबरट म्हणतं तेही. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना रडले, चांगली ढसाढसा रडले. अक्कांनी पाणी आणून दिलं. समजूतबिमजूत घालणं नानांच्या गावी नव्हतंच. फक्त म्हणाले, "हा पट्टा माझ्यापाशी राहू द्या." मी बसमध्ये बसले तेव्हा अमळनेरपर्यंत माझ्या मनात एकच, की त्या म्हाताऱ्याला माझ्याविषयी काय वाटलं असेल.

पंधरा दिवस विचार करून त्यांनी लुगड्याचा तो तमाशा मी दुसऱ्यांदा गेले त्याच दिवशी सुरू केला आणि पुढे आठवडाभर चालवला. आधी नऊवारी, मग शेजारणीची पाचवारी. नेसून स्वयंपाकघरात बसले, भाकरी थापली म्हणे, वाकून केर काढला. अक्का सांगत होत्या की भाकरी वाकडी झाली पण म्हाताऱ्याने खाऊन टाकली. गल्लीतल्या बायांचं हसणं दोन दिवसांत थांबलं आणि त्या सल्ले द्यायला लागल्या. नाना, पदर असा घ्या, नाना, बसताना निऱ्या अशा सावरा. नाना मान डोलवायचे आणि लिहायचे.

शेवटी त्यांना पटलं की साडी कसलंही वजन धरत नाही. परकराची नाडी धरते, पण घसरते. म्हणून त्यांनी चार बोटं रुंद, मऊ शेळीच्या चामड्याचा पट्टा केला, आतून धुतलेल्या सुती कापडाचं अस्तर. परकराच्या वर, बरगड्यांच्या जरा खाली बसणारा. त्यावर डाव्या बाजूला म्हशीच्या कडक चामड्याचा खण, चाप पूर्ण झाकलेला, वर बटणाची वादी. पदर डाव्या खांद्यावरून येतो, तो सगळं झाकून टाकतो. उजवा हात पदराखाली सहज जातो. मापं सगळी अक्कांनी घेतली. नाना दाराबाहेर पाठ करून उभे राहून विचारायचे आणि अक्का आतून ओरडून सांगायच्या. अख्ख्या गल्लीला माझ्या कमरेचं माप पाठ झालं असेल.

माझेही तेरा ब्लाऊज न् तेरा परकर खराब झाले. मीही ते घेऊन गेले. दोनदा उसवला, तिसऱ्यांदा डाग सारखा पडला. पहिल्या दिवशी बँकेत उभी असताना मी दहादा चाचपून बघितलं. महिन्याभरात असं झालं की एकदा बँकेतून परत आल्यावर मी तशीच पोळ्या लाटायला बसले. म्हाताऱ्याच्या हाताला काय म्हणावं!

पट्टा न्यायला गेले त्या दिवशी नाना म्हणाले, "आता यजमानांना घेऊन या. त्यांचं माप राहिलं."

मी म्हटलं, "त्यांचं कशाला? शस्त्र आता माझ्या नावावर आहे. आणि ते उंबऱ्याबाहेर पडत नाहीत."

नाना पुन्हा दोरा ओढायला लागले. हा माणूस कुणाच्या दारी जायचा नाही. मोठमोठ्या साहेबांनी गाडी पाठवली तर गाडी रिकामी परत पाठवायचे. माप घ्यायचं तर इथं या, असा खाक्या. फोनही ठेवायचे नाहीत. तेव्हा आठवड्याने सकाळी साडेदहाला आमच्या दारात टोपी घालून, खांद्याला पिशवी लावून नाना उभे दिसले तेव्हा मी पाण्याचा तांब्या विसरून नुसती बघत राहिले. एसटीने आले होते. अमळनेरला गाडी बदलून.

ह्यांनी खिडकीतून मान वळवली. नाना सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "मी धुळ्याचा मोची," म्हणाले. पिशवीतून जुना पट्टा काढून ह्यांच्या मांडीवर ठेवला. "हा ओळखता?"

ह्यांचे कान तेवढे लाल झाले.

"सदरा वर करा."

"कशाला?"

"अहो, करा वर!"

ह्यांनी सदरा वर केला. उजव्या कमरेवर, बरगडीच्या खाली तो चट्टा होता. रुपयाएवढा, काळा, मधे कातडी जाड झालेली, शेजारी रिबिटांचे तीन छोटे वण ओळीने. मी रोज पाहिलेला चट्टा. इतकी वर्षं पाहून पाहून दिसेनासा झालेला. नानांनी त्यावर अंगठा ठेवला, शिवणीवर ठेवायचे तसाच, आणि बराच वेळ ठेवला.

"दोन-चार वर्षांत असा चट्टा पडत नाही," ते म्हणाले. "रोज बांधलंय तुम्ही. रोज."

"रोज," हे म्हणाले. "उन्हाळ्यात घामाने तर आग व्हायची. शेवटची दोन वर्षं नाही झालं मग."

नाना माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला होता. नानांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. "पंचवीस वरीस जो माणूस हाई सोसस, तो भित्रा ऱ्हास का? सांगा माले!" मग ह्यांच्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "मी पोलिसात तीस वर्षं कमरा बघितल्या. भित्र्या माणसाच्या कमरेला चट्टा नसतो. तो पहिल्या महिन्यातच काढून ठेवतो."

मला वाटलं, हीच वेळ आहे. मी म्हटलं, "पट्टा मी उलटा करून आणला होता. तुम्ही नवा करतो म्हणाला होतात. मी नको म्हटलं."

"माहीत आहे मला," हे म्हणाले. "मीच नाही का तो पहिल्या दिवशी बांधला."

एवढंच म्हणाले. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मीही पदर डोळ्यांना लावला. नाना तेवढ्यात रापी काढून, जुना पट्टा पाटावर ठेवून कापायला लागले होते. स्वतःच्या हातचं काम कधी कापायचे नाहीत ते. चार तुकडे केले. म्हणाले, चांगलं चामडं आहे, चपलेच्या टाचांना चालेल. आम्ही तिघंही हसलो.

मग काय, प्रश्न सुरू. मांडी घालता का? कुठल्या कुशीवर झोपता? मी भाकऱ्या टाकल्या, नानांनी ह्यांना जेवताना पाहिलं. निघताना लाकडी पिस्तूल पुढे केलं आणि गेरूची पुडी दिली. "तेरा दिवस. पण खुर्चीत बसून उपयोग नाही. स्कूटरवर बसलं पाहिजे, बँकेत उभं राहिलं पाहिजे, पंपावर वाकलं पाहिजे. नाहीतर डाग खोटा पडेल."

"पण नाना, ह्यांना कुठं बांधायचंय आता?" मी म्हटलं.

"मग लाकडाचंच बांधतील. लाकडाला लायसन लागत नाही," नाना म्हणाले आणि चपला घालायला लागले.

पहिले दोन दिवस हे अंगणातच फिरले. तिसऱ्या दिवशी नानांना खोटा डाग दाखवायचा का, असं स्वतःशीच पुटपुटत स्कूटर बाहेर काढली. पाचव्या दिवशी मी बँकेत निघाले तर हे स्कूटरवर माझ्यामागे बसले. गावाने पाहिलं. पारावरचा एक जण म्हणाला, काय भाऊ, निघालात? हे म्हणाले, निघालो. तेव्हापासून आम्ही दोघं जातो. माझ्या पदराखाली खरं, ह्यांच्या सदऱ्याखाली सागाचं. नानांनी त्या सागाच्या तुकड्यासाठी पट्टा शिवला तो असा, की त्यांच्या हातचा त्याहून चांगला मी पाहिला नाही. एकदा उसवला, मग डाग सारखा पडला. लाकडी पिस्तूल ते सगळ्यांकडून परत घ्यायचे. आमच्याकडून मागितलंच नाही.

गेल्या थंडीत नाना गेले. आम्हाला चार दिवसांनी कळलं, कारण फोन नव्हताच. आम्ही दोघं भेटायला गेलो. खोलीत आरी, रापी जागच्या जागी होती. बिनचाकाची स्कूटर तशीच. वहीसुद्धा खिळ्याला अडकवलेली. हे अक्कांसमोर जमिनीवर मांडी घालून तासभर बसले. अक्का नानांच्या गोष्टी सांगत होत्या, लुगड्याची सांगताना हसत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या. मी ओट्यावरच्या शेजारणीशी बोलत होते.

निघायला उठलो तेव्हा अक्का ह्यांच्याजवळ आल्या. नाना बघायचे तसंच त्यांनी ह्यांच्या सदऱ्याचं टोक दोन बोटांनी धरलं, जरासं वर केलं आणि डोळे बारीक करून आतल्या पट्ट्याकडे पाहिलं.

"टोचस का रे भाऊ?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे पाहिलं.

"काय टोचतं?" हे म्हणाले.